दोह्यातली संध्याकाळ

१

मोपा विमानतळाच्या दारावरच्या जवानाने तेजस्वीचं तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि तिला बाजूला उभं राहायला सांगितलं.

विमान कंपनीच्या खिडकीतल्या मुलीने तिकिटाचा नंबर संगणकात टाकला. मग तिने मान वर केली.

"या नंबरचं तिकीट आमच्याकडे नाही."

"रद्द झालं का?"

"रद्द नाही झालेलं. ते कधी काढलंच गेलेलं नाही."

आतून एक वयस्कर अधिकारी बाहेर आले. त्यांनी व्हिसाचा कागद उजेडाकडे धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, हाही खरा वाटत नाही. घरी जा. आणि ज्यांनी हा दिला, त्यांना आता काहीही देऊ नका."

तेजस्वीची आई तुळसा नव्या बॅगेवरच बसली. मालवणजवळच्या खाजणवाडीहून त्या पहाटेच निघाल्या होत्या. दोह्यातल्या मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसची नोकरी, राहायला खोली, जेवणखाण फुकट. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन घरी बसलेल्या तेजस्वी तांडेलला ही नोकरी मिळाल्याचं वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. निरोपाला अर्धी वाडी गाडीभोवती जमली होती.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचे समीर सर. तिची मुलाखत घेणारे, पत्र पाठवणारे, व्हिसाचे पैसे भरून घेणारे.

"तेजस्वी मॅडम, घाबरू नका. तारीख बदलली आहे. थोडं शुल्क भरलंत की पुढच्या आठवड्यात नवीन तिकीट."

"सर, हा व्हिसा खोटा आहे."

पलीकडचा आवाज जराही बदलला नाही. "असं बोलू नका. तुमचे फोटो, पासपोर्टची प्रत, आधार, सगळं आमच्याकडे आहे. उगाच पोलिसांत गेलात तर तुमचंच नुकसान. गावात तोंड दाखवता येणार नाही."

रागात तेजस्वीची शुद्ध मराठी सुटली आणि ती मालवणीत बोलली.

"गावात तोंड दाखवूकच जातंय मी. तुमी तुमचा खंय लपवतलास, ता बघा."

तिने फोन कापला, आईला उठवलं आणि बॅग उचलली.

२

वाडीत शिरायला दोन वाटा होत्या. एक माडांमागून, कुणाच्या नजरेस न पडणारी. दुसरी बाजारातून. तुळसा मागच्या वाटेकडे वळली, तेव्हा तेजस्वी बाजाराची वाट दाखवत म्हणाली, "आये, हय सून."

"लोक विचारतले गो."

"विचारांदेत. मी चोरी केलंय काय?"

लोकांनी विचारलं. तिने प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, "नोकरी खोटी होती. फसवल्यानी माका." एकदोघे हसले. ती बॅग ओढत सरळ अँजेलिना फर्नांडिसांच्या दारात जाऊन थांबली.

अँजेलिना आंटींनी गोव्यातल्या एका बड्या हॉटेलात नोकरभरतीचं काम उभं आयुष्य केलं होतं. आता त्या माहेरच्या घरात परतल्या होत्या आणि पर्यटकांना दोन खोल्या देत होत्या. बोलणं तुटक, नजर तिखट. कुणाची शिफारस घेऊन आलेला उमेदवार त्यांच्याकडे हमखास नापास होई, असं म्हणतात.

त्यांनी आधी तेजस्वीला जेवायला वाढलं, मग सायबर हेल्पलाइनला फोन लावायला लावला, आणि दुपारी मालवण पोलीस ठाण्यात नेऊन तक्रार नोंदवली. सब-इन्स्पेक्टर भक्ती मॅडमनी सगळं लिहून घेतलं. "नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर असणार," त्या म्हणाल्या. "शोधू. पण गावातलं तुम्हाला काही कळलं तर आम्हाला सांगा. लोक आमच्यापुढे तोंड उघडत नाहीत."

संध्याकाळी पडवीत बसल्यावर आंटींनी विचारलं, "मुलाखत खंय झाली?"

"फोनवर. व्हिडिओ नाय, नुसतो आवाज."

"काय विचारल्यान?"

"नाव, वय, पासपोर्ट आसा काय. मगे म्हणालो, अभिनंदन."

आंटी कडवट हसल्या. "माझ्या हॉटेलात भांडी घासणाऱ्याकय मी अर्धो तास प्रश्न विचारी. काम न विचारता नोकरी देता, तेका तुझा काम नको असता, दुसरा कायतरी होया असता. आणि पैसे? नोकरी देणारो माणूस पगार देता गो बाय, मागना नाय."

"माका कळत नव्हता असा नाय, आंटी." तेजस्वीने मान खाली घातली नाही. "माकाय शंका इली होती. पण दत्ता थंयच आसा ना! त्याच कंपनीत, त्याच समीर सरांच्या हाताखाली. रोज आवशीक व्हिडिओ करता. ता सगळा खोटा, तर दत्ता खरो कसो?"

आंटींनी चष्मा काढून पदराने पुसला. दत्तप्रसाद हा वाडीतला पहिला मुलगा, जो याच कंपनीतून दोह्याला गेला होता.

"प्रश्न बरो आसा," त्या म्हणाल्या. "आणखी एक सांग. समीरान पहिलो फोन केल्यान, तेव्हा तू तेका कागद धाडलेलंस?"

"नाय. पण तेका सगळा म्हायती होता. पासपोर्टावर माझा आडनाव 'तंडेल' असा चुकीचा पडलाहा, ता. गोव्याच्या हॉटेलात मी नापास झालंय, ता. आणि बाबांच्या डोळ्याचा ऑपरेशन आसा, ता पण. म्हणालो, आम्ही सगळं सांभाळून घेऊ."

चष्म्यावरची आंटींची बोटं थांबली.

"मगे तो दोह्यात असो नायतर पाताळात. तेचो कान ह्या वाडीत आसा. ह्या तीन गजाली हय कोणाकोणाक ठाऊक होत्या?"

तेजस्वी उत्तर देणार, तोच फाटक वाजलं. तिची मैत्रीण प्राजक्ता धावत आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि तितकीच खुशीही.

"तेजू, तुझा कायतरी चुकला असतला गो. माका आत्ताच समीर सरांचो फोन इलो. माझी निवड झाली. रविवारी निघूचा आसा. पासपोर्ट म्हापशाक तेंच्या माणसाकडे देवचो."

३

प्राजक्ता कुणाचं ऐकायला तयार नव्हती. दत्ता आहे ना तिथे, हेच तिचं एकमेव उत्तर. रविवार जवळ येत होता.

घराबाहेर या गोष्टी ठाऊक असतील अशी तीनच नावं तेजस्वीने सांगितली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी आणि ती बाजारात शेल्डनच्या दुकानात गेल्या. झेरॉक्स, तिकिटं, दाखले, पासपोर्टचे अर्ज, सगळं इथेच होई. शेल्डन त्यांना पाहताच कामात असल्यासारखा स्क्रीनकडे वळला.

"पत्राची प्रिंट मी काढलंय. तितकीच," तो म्हणाला. "माका कित्याक विचारतास?"

"पत्राचा नाय विचारना," आंटी म्हणाल्या. "पासपोर्टावर 'तांडेल'चा 'तंडेल' कोणी केल्यान?"

शेल्डनचे कान तांबडे झाले. "माझ्याच हातून झाला. अर्ज मी भरलेलंय. तेजूक म्हणालंय होतंय, दुरुस्त करून देतंय."

"आणि कोणाकोणाक सांगलंस?"

"आपली चूक कोण सांगत फिरता, आंटी? गिऱ्हाईक तुटात ना!"

"तेजू गोव्यात नापास झाली, ता तुका म्हायती होता?"

"गोव्यात? कधी?" त्याने खरोखरच आश्चर्याने तेजस्वीकडे पाहिलं.

इतक्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर दत्तप्रसादचा हसरा फोटो होता. शेल्डनला सुटल्यासारखं वाटलं. "दत्ता तो. दिसाआड फोन करता. वाडीच्यो गजाली आयकल्याशिवाय तेका थंय करमना नाय." त्याने फोन कानाला लावला, आणि दोघींना हातानेच निरोप दिला.

बाहेर पडल्यावर तेजस्वी म्हणाली, "खोटा बोलता तो?"

"घाबारलो. पण जी गजाल तेका ठाऊक नाय, ती तो समीराक सांगतलो कशी?"

मग त्या रसिका बाईंकडे गेल्या. वाडीतल्या मुलांसाठी त्या इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवत. गोव्याच्या हॉटेलात नापास झाल्यावर तेजस्वी पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात येऊन रडली होती.

रसिका बाई दुखावल्या. "मी कशाला कुणाला सांगू? मुलांचं अपयश बाहेर सांगायचं नाही, हा माझ्या वर्गाचा नियम आहे." त्या सवयीने शुद्ध बोलत. "उलट मी प्रयत्नच केला. दत्ताला म्हटलं, तुझ्या ओळखीने बघ काही जमतं का. तो एवढा गुणी मुलगा! वर्गासाठी तिकडून व्हॉइस मेसेज पाठवतो, धीर देतो."

"सत्यवानाच्या डोळ्याच्या ऑपरेशनाचा तुमका कधी कळला?" आंटींनी तेजस्वीच्या वडिलांचं नाव घेतलं.

"ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?" बाईंनी काळजीने विचारलं.

राहिला जितेंद्र. प्राजक्ताचा मोठा भाऊ, वाडीतला कार्यकर्ता. दवाखान्याची गाडी, रेशनचं काम, गणपतीची वर्गणी, सगळ्यात पुढे. सत्यवानला ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेण्याची व्यवस्था त्यानेच केली होती. आणि नोकरीची जाहिरात वाडीच्या ग्रुपवर पहिल्यांदा टाकली होती, तीही त्यानेच.

दत्ता गेला तेव्हा जितेंद्रने लावलेला अभिनंदनाचा बॅनर अजून नाक्यावर होता. त्याच बॅनरखाली तो आंटींवर भडकला.

"माझ्यावर संशय घेतास? माझी सख्खी बहीण जातासा रविवारी! तिका मी खड्ड्यात ढकलीन?"

तो खरं बोलतोय, हे आंटींना कळत होतं. आणि तेच तर कोडं होतं. तिघांपैकी प्रत्येकाला एकेकच गोष्ट ठाऊक होती. घरचे सोडले तर तिन्ही गोष्टी ठाऊक असलेला एकही माणूस वाडीत नव्हता.

४

"एक माणूस आपण विचारूक नाय," संध्याकाळी आंटी म्हणाल्या. "दत्ता. तो थंय आसा तर कंपनीचो पत्तो सांगांदे."

दत्ताची आई सावित्री तुळशीपुढे दिवा लावून नुकतीच ओट्यावर बसली होती. नवरा गेल्यापासून मुलाचा हा फोन हाच तिचा दिवस. तिने डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. ठरल्या वेळी तो वाजला.

पडद्यावर दत्ता आला. गळ्यात हॉटेलचं ओळखपत्र, दाढी नीट केलेली. मागे जाड पडदा, आणि त्याच्या कडेने तांबूस उजेडाची एक पट्टी.

"बरो आसंस मा रे?" सावित्रीने विचारलं.

"बरो आसंय, आये. आत्ताच ड्युटी संपली." मग त्याला मागे बसलेली तेजस्वी दिसली. तो क्षणभर अडखळला. "तेजू... माका कळला. वायच धीर धर. माझाय पहिल्यांदा असाच झालेला. शुल्क भरलंस की काम होता."

त्याच्या मागे कुठेतरी रस्त्यावर भोंगा वाजला. पों, पों. थोडं थांबून पुन्हा, पों, पों.

"थंय गाडयेच गाडये," सावित्री कौतुकाने म्हणाली.

"होय, ट्रॅफिक," दत्ता घाईने म्हणाला.

"दत्ता, हॉटेलाचो पत्तो दी बघया," आंटी पुढे झुकल्या. "माझे ओळखीचे थंय आसत. जावन भेटतले."

"समीर सरांका विचारून सांगतंय, आंटी. नेटवर्क..." आणि पडदा काळा झाला.

सावित्री समाधानाने डोळे पुसत होती. आंटींनी तिचा निरोप घेतला, त्या अंगणाबाहेर पडल्या आणि समुद्राच्या वाटेला लागल्या. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या. समोर सूर्य पाण्यात टेकत होता.

"तेजू, दोह्याक जातलंस म्हणान घड्याळाचा वाचलेलंस काय?"

"व्हय. थंय आपल्यापेक्षा अडीच तास मागे."

"मगे आपल्याकडे दिवेलागण, तर थंय काय?"

तेजस्वीने मनात हिशेब केला. "भर दुपार... चारच्या आसपास." आणि ती जागच्या जागी थबकली. पडद्याच्या कडेची ती पट्टी तिला आठवली. ती तांबूस होती. थेट समोरच्या आभाळासारखी.

"आणि तो भोंगो," आंटी म्हणाल्या. "गाडयेचो नव्हता तो. मी आयुष्यभर रोज तोच आवाज आयकत चाय घेतलंय. सायकलीवरून पाव विकणारो पोदेर तसो वाजवता. सांजेचो पाव घेवन गल्लीत इलो की, पों, पों." त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "दत्ता दोह्याक नाय गो बाय. तो गोव्यात आसा."

५

तेजस्वी वाळूवर बसली.

"तिघांक तीन गजाली ठाऊक," आंटींनी सांगायला सुरुवात केली. "तिघाय एकमेकांक सांगनत नाय. शेल्डन लाजता, रसिका नियम पाळता, जितूक तुझ्या पासपोर्टाचा काय पडलेला नाय. पण तिघाय एका माणसाकडे मन मोकळा करतत. शेल्डन तेच्याशी दिसाआड बोलता. आपली चूक सांगूक लाज वाटना नाय, कारण तो लांब आसा. रसिका तुझ्यासाठी शब्द टाकूक गेली, तेव्हा नापास झाल्याचा सांगल्याशिवाय कसा चलतला? आणि ऑपरेशनाचा ठाऊक जितूक; तेका जाहिरात कोणी धाडल्यान, ता आपण विचारूकच नाय."

तेजस्वीने तिथेच जितेंद्रला फोन लावला. उत्तर एका शब्दाचं होतं. तिने फोन खाली ठेवला.

"दत्तान."

"वाडीत आपण कान शोधीत होतंव. कान लांब गेलेलो म्हणान आपण तेका मोजूकच नाय."

"माका वाटला होता, मी एकटीच बावळट," तेजस्वी हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आंटी, तेना माका 'धीर धर' म्हटल्यान! माझ्या डोळ्यात बघून!"

"आता काय करतलंस?"

"भक्ती मॅडमांका आत्ता सांगतंय. आणि उद्या त्याच टायमाक, त्याच ओट्यावर, प्राजूक आणि जितूक बसवतंय. माझा कोण आयकना नाय. तेचा आयकतले."

"आणि सावित्री?"

हा प्रश्न दोघींनाही अवघड होता. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. आंटींना वाटत होतं, तिला शेवटपर्यंत काही सांगू नये.

"नाय," तेजस्वी म्हणाली. "माझ्यापासून सगळ्यांनी लपवला म्हणान मी विमानतळावर उभी रवलंय. तिच्यापासून मी लपवूचंय नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सावित्रीला सगळं सांगितलं. सावित्रीने त्यांच्यावर आरडाओरडा केला नाही, विश्वासही ठेवला नाही. ती फक्त म्हणाली, "संध्याकाळी येवा."

६

संध्याकाळी ओट्यावर सावित्री, आंटी, तेजस्वी, आणि नाखुशीने आलेले प्राजक्ता आणि जितेंद्र होते. सावित्रीने दिवा लावला. फोन वाजला. कुणी काही बोलायच्या आत सावित्रीने मोबाईल हातात घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"दत्ता, मागचो पडदो बाजूक कर."

"कित्याक, आये? हय ऊन लय आसा."

"असांदे. माका ऊनच बघूचा आसा."

दत्ता हसण्याचा प्रयत्न करत राहिला. नेटवर्क जातंय म्हणाला. सावित्रीने पुन्हा तेच सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फुटला. तेव्हा तो उठला. पडदा सरकला.

खिडकीबाहेर माड होते. कौलारू छप्पर होतं. आणि खाजणवाडीवर उतरत होती तशीच, तितकीच तांबूस संध्याकाळ उतरत होती.

प्राजक्ताच्या तोंडून बारीक आवाज निघाला. जितेंद्र उभा राहिला.

दत्ता भिंतीला टेकून खाली बसला. तो रडत, तुटक तुटक बोलू लागला. तोही असंच पत्र घेऊन मुंबईला गेला होता. तिथे कंपनी नव्हती, विमान नव्हतं. पासपोर्ट समीरकडे अडकला. घरी परतावं तर नाक्यावर बॅनर, हारतुरे, आईचं सगळ्यांना सांगणं. समीर म्हणाला, आमच्यासाठी काम कर, गावातली मुलं आण, पासपोर्ट परत देतो. गोव्यात खोली दिली, गणवेशाचा शर्ट दिला, ओळखपत्र दिलं. "परत येवक तोंड नव्हता माका," तो म्हणाला.

"रड मागसून," तेजस्वी म्हणाली. तिने सावित्रीच्या हातातून फोन घेतला. "आधी सांग. प्राजूक खंय धाडतले होते?"

दत्ताने तोंड फिरवलं.

"दत्ता!"

"हॉटेलात नाय." त्याने वर पाहिलं नाही. "पूर्वेकडच्या कुठल्यातरी देशात. पर्यटक म्हणान नेतत आणि बंद इमारतीत ठेवतत. फोनवरून लोकांका फसवूचा काम. पासपोर्ट काढून घेतत. गेलेलो माणूस सहज परत येणा नाय."

प्राजक्ताने तेजस्वीचा हात घट्ट धरला.

"तुका म्हायती होता?" जितेंद्र मोबाईलवर वाकला. "माझ्या बहिणीक..."

"परवा कळला. मी सांगतलंय होतंय. देवाशपथ सांगतलंय होतंय."

"कधी?" तेजस्वीने विचारलं. "सोमवारी?"

तेजस्वीने दत्ताला रडायला अजूनही वेळ दिला नाही. "माफी मागूची ती नंतर माग, आणि मी देतलंय असा समजा नको. आता भक्ती मॅडम तुका फोन करतली. समीर म्हापशाक खंय भेटता, कसो दिसता, तेच्या वांगडा, सोबतीक कोण असता, सगळा सांग. एक गजाल लपवलंस, तर तुझ्या आवशीसमोर परत पडदो उघडूक लावतंय."

सावित्रीने मोबाईल परत मागितला. सगळ्यांना वाटलं, ती शिव्या घालेल. ती म्हणाली, "जेवलंस काय?" आणि पदर तोंडाला लावून घरात निघून गेली.

७

रविवारी म्हापशाला कुणा पोलीस महिलेने प्राजक्ता बनून जावं, असं ठरत होतं. प्राजक्ताने नकार दिला. "तेना माझो फोटो बघलोहा. दुसरी कोण गेली तर पळात. मीच जातलंय." जितेंद्रने अडवलं, तर त्याला म्हणाली, "माका धाडूक तयार होतंस मा? मगे आता धाड."

समीर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, हातात चामड्याची बॅग. प्राजक्ताने पासपोर्ट पुढे केला, त्याने हात लावला, आणि दोन्ही बाजूंनी भक्ती मॅडम आणि गोवा पोलिसांची माणसं उभी राहिली. त्याच्या बॅगेत कितीतरी मुलामुलींचे पासपोर्ट निघाले. त्यातला एक दत्ताचा होता.

दत्ताला आणायला सावित्री स्वतः गेली. त्याने पोलिसांना सगळं लिहून दिलं, पण त्यामुळे तो सुटला नाही. गुन्ह्यात त्याचंही नाव लागलं. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, पुढे कोर्ट. वाडीत बरेच लोक त्याच्याशी बोलत नव्हते.

जितेंद्रने बॅनर उतरवला आणि तेजस्वीला भेटायला आला. "आता झाला मा सगळा. आता गप रवया. पेपरात इला तर वाडीची बदनामी."

"कसली बदनामी?"

"लोक म्हणतले, खाजणवाडीची पोरां फसतत."

"दत्ता गप रवलो म्हणान मी फसलंय," तेजस्वी म्हणाली. "मी गप रवलंय असतंय, तर प्राजू गेली असती. जितूदादा, तुका बॅनर लावूची हौस आसा मा? माझो लाव."

त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. ती करत नव्हती. आठवड्याभरात मालवणच्या एसटी स्टँडसमोर बॅनर लागला. विमानतळावर घातलेल्या ड्रेसमधला तेजस्वीचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'परदेशी नोकरीच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. लाज मला नाही, फसवणाऱ्याला वाटायला हवी. तुम्हालाही असा फोन आलाय? पैसे देण्याआधी, पासपोर्ट देण्याआधी मला भेटा. तेजस्वी सत्यवान तांडेल, खाजणवाडी.' तुळसा तो पाहून आधी घाबरली. मग रोज बाजारात जाताना मुद्दाम त्याच बाजूने जाऊ लागली.

लोक येऊ लागले. जामसंड्याहून एक मुलगी आईला घेऊन आली. शिरोड्याचे दोन भाऊ आले, त्यांचे पैसे आधीच गेले होते आणि त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. खारेपाटणहून एका बापाचा फोन आला, मुलगा उद्या निघतोय म्हणून. तेजस्वी प्रत्येकाला आंटींच्या पडवीत बसवी. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते कुठे पाहायचं, कंपनीला तिच्या खऱ्या नंबरवर फोन कसा लावायचा, व्हिसा कुठे तपासायचा, सगळं ती त्यांच्याकडूनच करून घेई. काहींची नोकरी खरीही निघाली. ती मुलं पेढे घेऊन आली.

एका रविवारी सकाळी रसिका बाईंच्या वर्गात तेजस्वी हेच समजावत होती. मागच्या बाकावर दत्ता बसला होता. त्याला बोलावलं होतं तेजस्वीनेच. ती त्याच्याशी अजून कामापुरतंच बोले. पण त्या लोकांची बोलण्याची रीत वाडीत त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

तेवढ्यात बाकावरच्या एका मुलीचा फोन वाजला. तिने अनोळखी नंबर पाहून तेजस्वीकडे पाहिलं. तेजस्वीने तो टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"अभिनंदन!" एक गोड आवाज म्हणाला. "सिंगापूरच्या आमच्या कंपनीत आपली निवड झाली आहे."

"नाव विचारतलो," मागून दत्ता पुटपुटला.

"आपलं पूर्ण नाव सांगता का, मॅडम?"

वर्गात खसखस पिकली. तेजस्वीने बोट ओठांवर ठेवलं. "सर, कामाचं स्वरूप काय आहे?"

"ते सगळं नंतर. आधी..."

"आजचीच मुदत," दत्ता आता मोठ्याने म्हणाला.

"...आजचीच मुदत आहे. नोंदणी शुल्क..."

सगळा वर्ग हसत सुटला. पलीकडचा आवाज गोंधळला. "कोण आहे तिकडे?"

"आम्ही तीसएक जण आहोत," तेजस्वी म्हणाली. "प्रत्येकाचे प्रश्न आहेत. तुमच्या एजंटाचा नोंदणी क्रमांक सांगा, लिहून घेते."

फोन कट झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रसिका बाईही हसत होत्या. पण तेजस्वी हसली नाही; पलीकडेही कुणी दत्तासारखाच, पासपोर्ट अडकून बसलेला मुलगा असेल, असं तिच्या मनात आलं. तिने तो नंबर भक्ती मॅडमना पाठवला, मग खुर्ची ओढून टेबलापाशी बसली आणि त्याच नंबरावर स्वतः फोन लावला.

घंटी वाजत राहिली.

"उचल रे," तेजस्वी म्हणाली, आणि पुन्हा लावला.